पाड्यावरच्या तरुणांनी क्षयरोगाचे उपचार पूर्ण कसे करावेत

शहापूर-मुरबाडकडच्या पाड्यांवरील तरुणांनी दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिल्यास, सायंकाळी ताप येत असल्यास किंवा वजन घटत असल्यास आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. नमुना देताना नुसती थुंकी न देता खोकून छातीतून आलेला बेडका द्यावा. तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत आहेत.

औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा उपचार साधारण 6 महिने चालतो. गोळ्यांमुळे लघवी नारिंगी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र डोळे पिवळे दिसू लागले, नजर अंधुक झाली किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी केंद्र गाठावे. या गोळ्यांतील रिफाम्पिसिन या औषधामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे विवाहित तरुणींना बहुधा कोणी सांगत नाही. त्यांनी परिचारिकेला स्वतःहून विचारावे.

खरी कसोटी लागते ती भातकापणीनंतर. ताप गेलेला असतो, भूक परतलेली असते, आणि नेमक्या त्याच सुमारास अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. निघण्यापूर्वी भट्टीचे ठिकाण केंद्रात सांगावे, आपला निक्षय क्रमांक (क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीतील क्रमांक) लिहून घ्यावा आणि पुरेशा गोळ्या बरोबर घ्याव्यात. त्या क्रमांकाच्या आधारे उपचाराची नोंद तिकडच्या केंद्राकडे वर्ग करता येते. मुकादमाला आजार सांगायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु रोजच्या गोळीची आठवण करून देणारा एक तरी विश्वासू सोबती भट्टीवर असावा.

ताटवाटी वेगळी ठेवण्याची गरज नाही, कारण हा रोग भांड्यांतून नव्हे तर हवेतून पसरतो. खोकताना तोंडावर रुमाल धरावा, झोपडीत वारा खेळता ठेवावा आणि घरातील सर्वांची तपासणी करून घ्यावी. लग्न जमणार नाही या भीतीने मुलीचा आजार लपवणाऱ्या घरांत उपचार सर्वांत आधी तुटतो, म्हणून अशा घरी आशाताईंनी आईशी स्वतंत्रपणे बोलणे अधिक उपयोगी ठरते.

नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठी दरमहा 1000 रुपये मिळतात; त्यासाठी बँक खाते चालू आहे ना, हे उपचाराच्या सुरुवातीलाच पाहावे. उपचार संपल्यावरही दोन वर्षे दर सहा महिन्यांनी तपासणीस जावे, मग त्या वेळी मुक्काम पाड्यावर असो वा भट्टीवर.