ऑक्टेव्हसाठी एडिटर लावताय? या चुका टाळा

श्रावणातली संध्याकाळ, बाहेर पाऊस कोसळत होता. म्हापशात आमच्या शेजारी राहणारी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी लॅपटॉप छातीशी धरून आली. दुसऱ्या दिवशी न्यूटन-रॅफसनचं, म्हणजे समीकरणाचं मूळ काढण्याच्या पद्धतीचं, प्रॅक्टिकल. "काका, ऑक्टेव्हच बिघडलंय." ऑक्टेव्ह म्हणजे गणिती आकडेमोडीचं मोफत सॉफ्टवेअर; त्याचा कोड एडिटरमध्ये, म्हणजे लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, लिहितात. मोबाइलच्या नेटवर तिने ते तीनदा काढून पुन्हा टाकलं होतं.

स्क्रिप्ट, म्हणजे कोडाची फाइल, जेमतेम वीस-बावीस ओळींची. सातव्या ओळीवर पार्स एरर, म्हणजे ही ओळ वाचताच येत नाही अशी तक्रार, आणि सातवी ओळ बघावी तर बिनचूक. कंस जुळलेले, अर्धविराम जागेवर. मी त्या ओळीतलं वजाबाकीचं चिन्ह पुसलं, कीबोर्डवरून पुन्हा टाइप केलं आणि एरर नवव्या ओळीवर गेली. तिथे अवतरणचिन्हांचा तोच घोळ.

तिने ओळी वर्डमधल्या नोट्समधून उचलल्या होत्या. दोन्ही बाजूंना जागा सोडून टाइप केलेली छोटी रेघ वर्ड आपणहून लांब करतो आणि सरळ अवतरणं वाकडी करतो. आयफोनचा कीबोर्डही अवतरणं वाकडी करतो आणि दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ करतो. पत्रात ते शोभतं. ऑक्टेव्हला मात्र वजाबाकी म्हणून कीबोर्डवरची ती छोटी रेघच कळते आणि मॅट्रिक्सचा ट्रान्सपोज घ्यायला (ओळींचे स्तंभ करायला) सरळच चिन्ह लागतं. त्यात एडिटरचा फाँट समान रुंदीचा, त्यामुळे दोन्ही रेघा डोळ्यांना सारख्याच दिसतात. बिचारीचे तीन तास गेले.

म्हणून मी कोड चिकटवतच नाही, हाताने टाइप करतो. वीस ओळींना दहा मिनिटं लागतात, आणि प्रत्येक ओळ काय करते तेही कळतं. तेवढा धीर नसेल तर व्हीएस कोड हा मोफत एडिटर वापरा. २०२१ च्या अखेरीपासून तो अशी फसवी आणि अदृश्य अक्षरं चौकट करून दाखवतो. ती चौकट त्रासदायक वाटते म्हणून बंद करणारे मी पाहिलेत. करू नका.

नोटपॅडमध्ये लिहून विंडोजवर सेव्ह केलेल्या फाइलला कधी कधी डॉट एम या ऑक्टेव्हच्या शेपटीपुढे डॉट टीएक्सटी चिकटतं आणि विंडोज ते लपवतो. फाइल एक्सप्लोररमध्ये नावांची ही शेपटी (फाइल एक्स्टेन्शन) दाखवायला सांगा, कायमचं.

व्हीएस कोड डॉट एम फाइलला ऑब्जेक्टिव्ह-सी या दुसऱ्याच भाषेतली समजतो, म्हणून रंग भलतेच दिसतात. व्हीएस कोडमध्ये ऑक्टेव्हचं एक एक्स्टेन्शन, म्हणजे जोडप्रोग्रॅम, घाला आणि डॉट एमची जोडणी त्याच्याशी करा. एकच पुरे. पहिल्याच दिवशी पंधरा एक्स्टेन्शनं घालून रंगसंगती निवडत बसणाऱ्यांची पहिली स्क्रिप्ट आठवडाभर लिहून होत नाही.

फाइलचं नाव हा दुसरा रोग. नावात जागा नको, मधे रेघ नको, सुरुवातीला आकडा नको. आणि बेरजेच्या स्क्रिप्टला 'सम' हे इंग्रजी नाव तर मुळीच नको: त्या फोल्डरमध्ये ऑक्टेव्हचं स्वतःचं सम फंक्शन तुमच्या फाइलआड झाकलं जातं. ऑक्टेव्ह इशारा देतं, पण वाचतो कोण? पायथन या दुसऱ्या भाषेत फाइलला नमपाय, म्हणजे तिच्या गणिती लायब्ररीचं, नाव दिलं की तीच गत. मी नावाआधी इंग्रजी अक्षरांत विषय लावतो: मूळ, भरती, मॅट्रिक्स, आणि पुढे आकडा.

पायथनमध्ये टॅब आणि स्पेस मिसळू नका. एडिटरला टॅबऐवजी चार स्पेस टाकायला सांगा.

पावसात इथे वीज कधी जाईल नेम नाही. ऑटोसेव्ह चालू ठेवा.

कोडातल्या टिपा (कॉमेंट्स) मराठीत जरूर लिहा, मीही लिहितो, फाइल यूटीएफ-८ या देवनागरी नीट जपणाऱ्या अक्षर-पद्धतीत ठेवून. पण टीप संपताच कीबोर्ड इंग्रजीवर आणा. नाहीतर पुढच्या ओळीत 4 ऐवजी देवनागरी ४ उमटतो आणि ती ओळ अडते. जोडाक्षरांसाठी काही कीबोर्ड जे अदृश्य जोडचिन्ह टाकतात, ते कोडात शिरलं तर डोळ्यांना सापडत नाही. तशी शंका आली की मी ती ओळ अख्खी पुसतो आणि नव्याने लिहितो.