कंपास, घड्याळ आणि मांडीवरचा मोबाईल: डीसीएसमध्ये वाट काढायचा सराव

डीसीएससारख्या, संगणकावर लढाऊ विमान उडवायच्या सिम्युलेटरसाठी मोबाईलवर जी सोबतीची अ‍ॅप्स मिळतात, त्यातली बरीचशी एकच काम करतात: नकाशावर तुमचं विमान सरकताना दाखवतात. बघायला झकास, पण त्यातून वाट काढायला शिकता येत नाही. मोबाईलवर मॅप लावून बेळगावातून निपाणीला पन्नास वेळा गेलेल्या माणसालाही हत्तरगी आधी की संकेश्वर आधी, हे पटकन सांगता येत नाही, त्यातलाच हा प्रकार. सरावात मोबाईलची कामं दोनच. उडताना त्यानं मांडीवरची वही व्हायचं आणि उतरल्यावर परीक्षक. मधल्या वेळात ‘तू इथं आहेस’ असं त्यानं एकदाही म्हणायचं नाही.

म्हणून अ‍ॅप निवडताना आधी बघा, की स्वतःच्या विमानाची खूण लपवता येते का, आणि ती लपवलेली असतानाही मार्गाची नोंद होत राहते का. बाकी मोठ्या आकड्यांचं स्टॉपवॉच, मार्गाच्या टप्प्यांचा तक्ता आणि वाऱ्याचा हिशोब एवढं असलं की पुरे. नोंद ठेवणारं अ‍ॅप मिळालं नाही तरी अडत नाही. टॅकव्ह्यू या उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामची फुकट आवृत्ती लॅपटॉपवर नोंद करते, मोबाईल फक्त वही म्हणून वापरायचा.

विमान कोणतं घ्यायचं

डीसीएस वर्ल्ड फुकट उतरवता येतं आणि त्यासोबत दोन विमानं येतात, सु-२५टी आणि टीएफ-५१डी. नकाशांपैकी कॉकेशस आणि मारियाना फुकट. सरावाला टीएफ-५१डी घ्या. हे मस्टँगचं बिनहत्यारी रूप. त्यात जीपीएस नाही, वेपॉइंट (मार्गावरचे ठरवलेले बिंदू) दाखवणारा पडदा नाही. कंपास, गायरो (फिरत्या चक्रावर चालणारा दिशादर्शक), वेगदर्शक आणि घड्याळ, एवढ्यावरच निभवावं लागतं. सु-२५टी वेपॉइंट आपणहून दाखवतं, त्यामुळे आळस चढतो.

मोबाईल जोडणं

डीसीएसची माहिती बाहेर पाठवायचं काम ‘एक्सपोर्ट डॉट लुआ’ नावाची फाईल करते. ती ‘सेव्हड गेम्स’ फोल्डरमध्ये ‘डीसीएस’ आणि त्यात ‘स्क्रिप्ट्स’ इथं असते. नसेल तर तयार करावी लागते. इथली नेहमीची चूक म्हणजे नव्या अ‍ॅपसोबत आलेली फाईल जुन्या फाईलवर तशीच चिकटवणं. टॅकव्ह्यू किंवा रेडिओचं अ‍ॅप आधीपासून असेल तर त्यांच्याही ओळी त्याच फाईलमध्ये असतात. त्या पुसल्या गेल्या की काल चाललेलं आज बंद. म्हणून आधी फाईलची एक प्रत काढून ठेवा आणि नवी ओळ अगदी शेवटी टाका.

डीसीएस वेग मीटर प्रति सेकंदात, उंची मीटरमध्ये आणि दिशा रेडियनमध्ये पाठवतं. अ‍ॅपवरचा वेग निम्म्याच्या आसपास दिसला तर बिघाड काही नाही, फक्त १.९४ नं गुणून नॉट (ताशी सागरी मैल) करायचं राहून गेलंय.

जोडणी होत नसेल तर आधी दिशा तपासा: लॅपटॉप मोबाईलला माहिती पाठवतो, की मोबाईल लॅपटॉपकडे मागतो? लॅपटॉप पाठवत असेल तर फायरवॉल सहसा आडवी येत नाही. बहुतेक वेळा मोबाईलचा आयपी पत्ता बदललेला असतो. आपल्याकडे लाईट गेली की राउटर बंद, आली की परत चालू, आणि मोबाईलला नवा पत्ता. सकाळी जुळलेलं संध्याकाळी तुटतं ते बहुधा यामुळेच. राउटरच्या सेटिंगमध्ये मोबाईलसाठी पत्ता कायमचा राखून ठेवला की हा त्रास संपतो. उलट, मोबाईल मागणी करत असेल तर विंडोजमध्ये घरचं नेटवर्क ‘पब्लिक’ऐवजी ‘प्रायव्हेट’ करा आणि डीसीएसला फायरवॉलमध्ये परवानगी द्या.

हॉस्टेलच्या किंवा पीजीच्या वायफायवर दोन्ही यंत्रं जोडलेली दिसतात, तरी एकमेकांना सापडत नाहीत. तिथं एका मोबाईलनं दुसऱ्या यंत्राशी बोलूच नये अशी राउटरवर बंदी असते. तिथं मोबाईलचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप त्यावर घ्या. ही माहिती इतकी थोडी असते की डेटा संपायची भीती नाही. भीती असते ती हॉटस्पॉट लागल्याबरोबर विंडोज आपलं अपडेट उतरवायला बसेल याची. त्या जोडणीला ‘मीटर्ड’ करून ठेवा.

आणि अ‍ॅपसाठी बॅटरी बचत बंद करा. नाहीतर पडदा मावळला की फोन अ‍ॅपला झोपवतो आणि मार्गाच्या नोंदीत मधेच भोक पडतं.

मिशनची मांडणी

मिशन एडिटरमध्ये, म्हणजे डीसीएसमध्ये उड्डाण आखायच्या भागात, कॉकेशसच्या नकाशावर बातुमी विमानतळाहून कोबुलेती विमानतळाला जाणारा एकच टप्पा आखा. पर्यायांमध्ये एफ-१० नकाशा (उडताना एफ-१० कळीनं उघडणारा) ‘फक्त नकाशा’ या स्थितीत ठेवा म्हणजे त्यावर विमान दिसत नाही, आणि लेबलं (पडद्यावर उमटणारी नावं) बंद करा. बातुमीच्या वर ५,००० फुटांवर, विमान हवेतच सुरू होईल असं ठेवलं तर चढाईचा गोंधळ टळतो. पहिले दहा-बारा सराव असेच करा.

आता वारा. एडिटरमध्ये वाऱ्याचे थर असतात, ३३, १,६०० आणि ६,६०० फूट, शिवाय वरचा २६,००० फुटांचा. ५,००० फुटांवर उडायचं तर १,६०० आणि ६,६०० दोन्ही थरांना सारखाच वारा द्या, म्हणजे मधल्या उंचीवर तोच मिळतो. वेग मीटर प्रति सेकंदात असतो: १० भरले की साधारण २० नॉट.

पण खरा घोळ दिशेचा. हवामान खात्याच्या भाषेत ‘पश्चिमेचा वारा’ म्हणजे पश्चिमेकडून येणारा. डीसीएसच्या एडिटरमध्ये मात्र वारा कुणीकडे जातो ते भरायचं असतं. ३०० अंशांकडून येणारा वारा हवा असेल तर तिथं १२० टाकायचं. ही एक उलटापालट भल्याभल्यांना चकवते, आणि तिची किंमत खाली कळेल.

हिशोब, आकड्यांसकट

नकाशावरच्या पट्टीनं बातुमी ते कोबुलेती मोजा. अंतर साधारण २२ सागरी मैल येतं. दिशा सोयीसाठी ०३०, म्हणजे उत्तरेपासून उजवीकडे ३० अंश, धरू. वारा ३०० कडून २० नॉट. वेगदर्शकावर २०० ठेवायचं ठरवलं.

इथं थांबा. मस्टँगचा वेगदर्शक नॉट दाखवत नाही, मैल प्रति तास दाखवतो. शिवाय उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे खरा वेग दर हजार फुटांमागे सुमारे दोन टक्क्यांनी जास्त. ५,००० फुटांवर दहा टक्के, म्हणजे २२० मैल प्रति तास. त्याला ०.८७ नं गुणलं की १९१ नॉट.

वाऱ्यानं विमान जास्तीत जास्त किती अंश ढकललं जाईल? वाऱ्याचा वेग गुणिले ६०, भागिले खरा वेग: २० गुणिले ६० म्हणजे १,२००, त्याला १९१ नं भागलं की सहा अंश आणि थोडं वर. आपला मार्ग ०३० आणि वारा ३०० कडून, म्हणजे बरोबर काटकोनात, डावीकडून. म्हणून पूर्ण सहा अंश घ्यायचे, वाऱ्याच्या बाजूला: ०३० वजा ६, ०२४.

वारा तिरका असेल तर घड्याळाची युक्ती वापरा. मार्ग आणि वारा यांच्यात ३० अंश असतील तर अर्धा तास म्हणजे अर्धी दुरुस्ती, ४५ असतील तर पाऊण तास म्हणजे पाऊण, ६० किंवा जास्त असतील तर पूर्ण. विमान सांभाळत गुणाकार करायला एवढं पुरतं.

शेवटचा पल्ला चुंबकीय फरकाचा. नकाशावरची दिशा भौगोलिक उत्तरेपासून, कंपासची चुंबकीय उत्तरेपासून. कॉकेशसमध्ये हा फरक सुमारे सहा अंश पूर्व. पूर्व फरक असेल तर वजा, पश्चिम असेल तर बेरीज. ०२४ वजा ६, ०१८. कंपासवर हेच धरायचं. बेळगावच्या भागात हा फरक इतका किरकोळ आहे की मोबाईलमधला कंपास आणि नकाशा जवळजवळ जुळतात. त्यामुळे आपल्याकडच्या मुलांना फरक वजा करायची सवयच नसते आणि कॉकेशसमध्ये पहिला मार इथं बसतो.

वेळ: वारा काटकोनात असल्यानं जमिनीवरचा वेग जवळपास १९० नॉटच राहतो. २२ मैल भागिले १९०, गुणिले ६०: सात मिनिटांना तीनेक सेकंद कमी. तक्त्यात लिहायचं एवढंच: ०१८, सात मिनिटं, ५,००० फूट.

हे सगळं आधी कागदावर करा, मग अ‍ॅपच्या वाऱ्याच्या गणकात टाकून ताळा घ्या. उलटं केलंत तर गणकानं चुकीचं उत्तर दिलेलं कळणारसुद्धा नाही, कारण गणक चुकत नाही, त्यात वारा भरणारा चुकतो.

उडताना

सुरुवातीलाच गायरो चुंबकीय कंपासला जुळवा, विमान सरळ आणि सपाट असताना. वळताना किंवा वेग बदलताना कंपास खोटं बोलतो, तेव्हा जुळवू नका. गायरो हळूहळू सरकत जातो, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी परत तेच. ०१८ वर या, विमान बातुमीच्या धावपट्टीच्या वर असताना स्टॉपवॉच दाबा. वळणात असताना दाबलंत तर पहिली दहा सेकंदं तिथंच गेली.

मोबाईल मांडीवर ठेवायचा तर स्वस्तातलं रबरी पट्ट्याचं होल्डर चालतं, पण फोन चार्जिंगला लावून कव्हरसकट ठेवू नका. उन्हाळ्यात तो तापतो, आपोआप अंधुक होतो आणि नेमका तेव्हा आकडा वाचता येत नाही.

आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन, हा क्रम मोडू नका. साडेतीन मिनिटं झाली की नकाशावर अर्धा टप्पा, आणि तिथं काय दिसायला हवं ते आधीच ठरलेलं असावं: डाव्या हाताला काळ्या समुद्राचा किनारा, इतक्या अंतरावर. आधी जमीन बघून नकाशात जागा शोधायला गेलं की कुठलंही गाव कुठल्याही गावासारखं दिसतं आणि मन हवं तेच ओळखतं.

अर्ध्यावर, म्हणजे ११ मैलांवर, रेषेपासून दोन मैल उजवीकडे आहात असं दिसलं तर: दोन गुणिले ६०, भागिले ११, म्हणजे ११ अंश चुकलात. डावीकडे ११ अंश वळलात तर फक्त रेषेला समांतर व्हाल. ठिकाणावर पोहोचायला तेवढेच पुन्हा, एकूण २२. नवखे नेहमी पहिल्या ११ वर थांबतात.

उतरल्यावर

आता अ‍ॅपमध्ये मार्ग उघडा. चूक किती झाली यापेक्षा कुठल्या बाजूला झाली ते बघा, कारण प्रत्येक चुकीची खूण वेगळी असते. चुंबकीय फरक विसरलात आणि ०२४ उडालात तर सहा अंश उजवीकडे, २२ मैलांवर दोन मैलांहून थोडं जास्त. वारा एडिटरमध्ये उलटा भरलात तर दुरुस्तीही डावीकडे आणि ढकलणंही डावीकडे: बारा अंश, साडेचार मैलांच्या आसपास, विमानतळाच्या जागी किनाऱ्याची रेषा पुढ्यात येते. दिशा बरोबर पण सात मिनिटांऐवजी सहाच मिनिटांनी कोबुलेती शोधायला लागलात, तर मैल आणि नॉट यांची गल्लत. मार्ग सरळ असायच्या जागी हलक्या कमानीसारखा दिसला तर गायरो सरकलेला. दोन खुणा एकत्र आल्या की एकमेकींना झाकतात, म्हणून एका उड्डाणात एकच गोष्ट बदला.

दोन-तीन उड्डाणं नीट जमली की कोबुलेतीहून सेनाकी, तिथून कुताइसी असे टप्पे जोडा. मग वारा मित्राला भरायला सांगा, तुम्हाला न सांगता.

लॅपटॉप नसताना

बेळगाव-निपाणी बसमध्ये खिडकीशी बसून हाच सराव होतो (स्वतः गाडी चालवताना अजिबात नको). मोबाईल फ्लाईट मोडवर, फक्त स्टॉपवॉच आणि आधीच उतरवलेला नकाशा, जागेची निळी खूण बंद. पहिल्या दहा किलोमीटरच्या दगडांवरून वेग काढा आणि हत्तरगीचा टोलनाका, संकेश्वरची हिरण्यकेशी, निपाणी यांच्या वेळा लिहून ठेवा. बस चहाला थांबली की घड्याळही थांबवा. पावसाळ्यात बघा, नकाशावर बारीक असलेला ओढा प्रत्यक्षात नदीएवढा दिसतो आणि ऊस वाढला की रस्त्याकाठची निम्मी गावं गायब होतात. खूण म्हणून काय धरायचं आणि काय नाही, हे इथं फुकटात कळतं.

दोघांनी मिळून करायचं तर

एकानं उडायचं, दुसऱ्यानं फोनवरून फक्त दिशा आणि वेळ सांगायची. आकडे सुटे बोला. मराठीत आपण एकक आधी म्हणतो, पासष्ट, चौपन्न, आणि कानडी मित्र ‘अरवत्तैदु’ म्हणताना दशक आधी म्हणतो. इंजिनच्या आवाजात पंचेचाळीसचं चौपन्न व्हायला वेळ लागत नाही. शून्य-चार-पाच असं म्हटलं की प्रश्न मिटतो. ऐकणाऱ्यानं ते परत म्हणून दाखवायचं, आणि मगच वळायचं.