छताला पफ फवारून घेताय? आधी या चुका टाळा

पफ म्हणजे छताचा उकाडा अडवायला फवारतात तो पॉलियुरेथेन, थोडक्यात ‘पीयू’, फोम. त्याच्या कामाची दोन ठेकेदारांची कोटेशनं हातात असतात. दोन्हींवर ‘पीयू फोम, दोन इंच’ एवढंच लिहिलेलं, आणि एकाचा दर दुसऱ्याच्या निम्मा. साहजिकच स्वस्त दराकडे मन ओढतं. पण फोम ओपन सेल आहे की क्लोज्ड सेल आणि त्याची घनता किती, हे त्या ओळीत आलेलंच नसतं. घरांच्या छतावरची बहुतेक फसलेली कामं याच दोन न विचारलेल्या प्रश्नांपाशी फसलेली असतात.

क्लोज्ड सेल फोममध्ये लाखो बारीक बंद कप्पे असतात. तो कडक असतो, पाणी जवळजवळ शोषत नाही आणि छतासाठी त्याची घनता घनमीटरला ४० ते ५० किलो लागते. ओपन सेलचे कप्पे फुटलेले असतात. बोटाने दाबला तर पावासारखा दबतो आणि घनता जेमतेम ८ ते १२ किलो. तेवढ्याच जाडीत उष्णता अडवण्याची त्याची ताकदही क्लोज्ड सेलच्या दोन तृतीयांशाच्या आसपास.

आता दरातला फरक कुठून येतो ते पाहा. १०० चौरस फुटांवर दोन इंचांचा थर म्हणजे साधारण ०.४७ घनमीटर फोम. ४५ घनतेने हिशोब केला तर सुमारे २१ किलो माल छतावर बसायला हवा, शिवाय उडून वाया जाणारा वेगळा. ओपन सेलला तोच थर पाच किलोत भरतो. त्यामुळे चौरस फुटाचे दर एकमेकांशेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. प्रकार, घनता, जाडी आणि वरचं कोटिंग या चारही गोष्टी कोटेशनवर लिहून घ्या.

घनता तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. काम सुरू झाल्यावर पहिल्या तासात फवारलेल्या फोममधून १० × १० × ५ सेंटिमीटरचा ठोकळा कापून घ्या आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. ४५ घनतेचा असेल तर २२-२३ ग्रॅम भरेल. १५ ग्रॅम भरला तर घनता ३० आहे, आणि अशा फोमवर गच्चीत माणसं चालू लागली की पावलापावलाला खड्डे पडतात. काटा पाच-सहा ग्रॅम दाखवत असेल तर तो ओपन सेल आहे, काम तिथेच थांबवा.

पत्र्याखाली ओपन सेल

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण पहिली दोन वर्षं ती दिसतच नाही. हिवाळ्यात पहाटे पत्रा खोलीपेक्षा बराच थंड होतो. खोलीतली दमट हवा आणि स्वयंपाकाची वाफ ओपन सेलमधून आरपार जाते, थंड पत्र्याला टेकते आणि तिचं पाणी होतं. पत्र्याला घाम फुटतो तो हाच, फक्त आता फोमच्या आड. फोम भिजून जड होतो, लोंबायला लागतो आणि पत्रा आतून गंजत जातो. कोकणासारख्या दमट हवेत तर हा धोका घेऊच नये. पत्र्याखाली क्लोज्ड सेलच हवा, २५ ते ४० मिलिमीटर.

ओपन सेल वाईट आहे असं नाही. दोन खोल्यांमधल्या पोकळ, कोरड्या पार्टिशनमध्ये आवाज दाबायला तो चांगला. पाणी किंवा वाफ पोचणार नाही अशीच जागा त्याला द्यावी.

गळका पत्रा फोमने बंद होईल, ही समजूतही तितकीच नुकसान करते. फोमनंतर पाणी पत्रा आणि फोम यांच्या फटीतून वाहत जातं आणि दहा फूट लांब कुठेतरी टपकतं. मग भोक नेमकं कुठे आहे ते शोधायला फोम खरवडावा लागतो. आधी हुकबोल्टचे वॉशर बदला, पत्र्यांचे जोड नीट करा, पाइपने अर्धा तास पाणी मारून खालून पाहा, आणि पत्रा पूर्ण वाळल्यावरच फवारा. जुना पत्रा तारेच्या ब्रशने घासून प्रायमर लावावा. नव्या पत्र्यावर कारखान्यातलं तेलकट आवरण असतं, ते पुसलं नाही तर फोम चकत्यांसारखा सुटून येतो.

स्लॅबवर किती जाड?

नुसत्या १५० मिलिमीटर काँक्रीट स्लॅबचं यू-मूल्य, म्हणजे उष्णता आत येऊ देण्याचं माप, ३.३ च्या आसपास येतं. इको निवास संहिता २०१८ मध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, छतासाठी कमाल मर्यादा १.२ आहे. स्लॅबवर २५ मिलिमीटर क्लोज्ड सेल फवारला की हे माप ०.८ च्या खाली उतरतं, ५० मिलिमीटरला ०.४३ आणि ७५ ला ०.३. पहिल्या इंचाने सर्वांत मोठं काम केलं, दुसऱ्यानेही बरंच, तिसऱ्याने फार थोडं. घरासाठी ४० ते ५० पुरेसं आहे. त्यापुढचा पैसा कोटिंगवर घाला.

जाडी मात्र सरासरी नको, कमीत कमी किती ते लिहून घ्या. गोधडीची लांब सुई किंवा सायकलची तार खूण करून फोममध्ये खुपसा. १०० चौरस फुटांत दहा ठिकाणी मोजलं की खरं चित्र कळतं. पॅरापेटच्या कोपऱ्यात आणि पावसाळी पाइपच्या तोंडाशी थर नेहमी पातळ सापडतो. भोकं लगेच बुजवून घ्यायला विसरू नका.

फोम शक्यतो स्लॅबच्या वरून घ्यावा. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गच्ची सोसायटीची असते, परवानगीची कटकट नको म्हणून लोक सिलिंगला आतून फवारतात. त्याने उकाडा कमी होतो हे खरं, पण स्लॅब उन्हात तापत-निवत राहतो, भेगा वाढतात आणि गळती झालीच तर फोमच्या मागे लपते. सोसायटीकडे रीतसर अर्ज करण्याचे कष्ट घेणंच बरं.

आणि गच्चीवर फोम उघडा ठेवू नका. उन्हाने तो पिवळा, मग तपकिरी होतो, हात फिरवला की पीठ हाताला लागतं. दोन-तीन दिवसांच्या आत पांढरं इलॅस्टोमेरिक (रबरासारखं ताणलं जाणारं) कोटिंग बसायला हवं. गच्चीवर वाळवणं घालायची, खुर्च्या टाकायच्या, टाकीच्या कामाला माणसं चढणार असतील तर फोमवर जिओटेक्स्टाइल (जाड कृत्रिम कापड), जाळी आणि ४०-५० मिलिमीटरचा उताराचा कोबा हवा.

डब्यातला फोम हा वेगळाच प्रकार. दारा-खिडक्यांच्या फटींसाठी मिळणारा ७५० मिलिलिटरचा डबा हवेतल्या ओलाव्याने वाळतो. एक चौरस मीटरवर दोन इंच थर द्यायला ५० लिटर फोम लागतो, तेवढा एका डब्यातून सहसा निघत नाही. फटींपुरताच वापरा.

कौलारू घराला खालून फवारू नये. कौलं एकमेकांना चिकटतात, मग एक फुटलं तरी बदलता येत नाही. वासे आणि रीपा फोममध्ये बंद होतात, ओल आतच राहते, लाकूड कुजतं, वाळवी लागली तरी कळत नाही. कौलांखाली हवा खेळती राहील एवढी जागा सोडून आतून वेगळं सीलिंग घालणं हाच तिथला मार्ग.

फवारताना काय बिघडतं

आयसोसायनेट आणि पॉलिऑल ही फोमची दोन रसायनं मशीनमधून १:१ प्रमाणात, गरम होऊन, दाबाने यावी लागतात. प्रमाण चुकलं की फोम स्वतःच सांगतो. नखाने खरवडल्यावर काचेसारखा तडकून भुगा पडला तर आयसोसायनेट जास्त झालंय. मऊ, चिकट राहिला, कडेने आक्रसला आणि माशासारखा वास आला तर पॉलिऑल जास्त. मोठे फुगे आले किंवा थर सुटला तर खाली ओल किंवा धूळ होती. कापल्यावर आतला गाभा करपल्यासारखा तपकिरी दिसला तर एका हातात फार जाड फवारलंय. आतली उष्णता अडकून आगसुद्धा लागू शकते. मालाच्या माहितीपत्रकात एका हाताची कमाल जाडी दिलेली असते, ती पाळावी आणि पहिला थर निवल्यावरच दुसरा द्यावा. बिघडलेल्या फोमवर नवा थर देऊन काही सुधारत नाही, तो कापूनच काढावा लागतो.

मे महिन्यात भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर फवारणी नको. फोम चिकटण्याआधीच फुगतो. सकाळी उरकून घ्यावं. पावसाळ्यात, किंवा पहाटेचं दव वाळण्याआधी, मशीन सुरूच करू देऊ नका.

आगीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ‘फायर रिटार्डंट’ म्हणजे लहान ज्वाळेला लवकर पेट न घेणारा, न जळणारा नव्हे. पेटला की त्याचा धूर अत्यंत विषारी असतो. राहत्या खोलीत पत्र्याखालचा फोम उघडा ठेवू नये, १२.५ मिलिमीटर जिप्सम बोर्डने झाकावा. शेगडीच्या वर तर हे सक्तीचंच समजा. वायरी आधी पाइपमध्ये घ्या, कारण फोमने गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही. आणि वेल्डिंगचं सगळं काम फोमच्या आधी संपवा. एक ठिणगी पुरते.

फवारणी चालू असताना आणि नंतर किमान २४ तास घरात कुणी राहू नये, दम्याचे रुग्ण आणि लहान मुलं असतील तर आणखी एक-दोन दिवस. खिडक्या उघड्या ठेवून पंखे लावा. आठवड्यानंतरही वास जात नसेल तर वास येणाऱ्या भागातला काडेपेटीएवढा तुकडा कापून झाकणाच्या बरणीत घाला, दिवसभर उन्हात ठेवा आणि झाकण उघडून हुंगा. उग्र वास आला तर तो भाग नीट जमलेला नाही. तेवढा कापून नवा फवारून होईपर्यंत ठेकेदाराचा शेवटचा हप्ता देऊ नका.