गुळाच्या गोदामात लॉगर लावताय? आधी मिठाची परीक्षा घ्या

जून लागला की कोल्हापुरात गूळ साठवणाऱ्याचा जीव हवेतल्या दमटपणात अडकतो. गूळ हवेतलं पाणी ओढतो, रवे पाघळतात. म्हणून तापमान-आर्द्रता लॉगर, म्हणजे ठराविक वेळाने हे दोन आकडे आपोआप नोंदवणारं छोटं यंत्र, घेतात, खोक्यातून काढतात आणि थेट खिळ्याला टांगतात. तसं करू नका. तापमान बहुतेक लॉगर बरं दाखवतात, आर्द्रतेचा सेन्सर मात्र तपासल्याशिवाय भरवशाचा नाही. माझा पहिला लॉगर अख्खा पावसाळा साठीच्या आसपास आकडे दाखवत राहिला आणि खाली गोणपाट चिकट होत गेलं. पुढे तपासलं तेव्हा तो ९ टक्के कमी दाखवत होता.

तपासणी घरातल्या मिठाने होते. ओल्या मिठाच्या बंद डब्यातली हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते, आणि २० ते ३० अंश तापमानात हा आकडा जवळपास हलत नाही. वाटीभर मिठात चमचा-चमचा पाणी घाला. ओल्या वाळूसारखं दिसलं की थांबा. वर पाणी तरंगलं तर परीक्षा फसली, मीठ वाढवा. मीठ पाकिटातलं बारीकच घ्या. खडेमिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यांनी आकडा खाली येतो.

वाटी आणि लॉगर घट्ट झाकणाच्या डब्यात शेजारी-शेजारी ठेवा. सेन्सरला मीठ किंवा थेंब लागता कामा नये. माझ्या हातून एकदा थेंब उडाला, तर सेन्सर कितीतरी वेळ शंभरावरच अडून बसला. डबा रात्रभर घरातल्या आतल्या कोपऱ्यात ठेवा. खिडकीपाशी नको, चुलीपाशी नको. आणि मध्ये झाकण उघडून बघू नका! उघडलंत तर पुन्हा पहिल्यापासून.

सकाळी शेवटच्या दोन तासांच्या नोंदी बघा. ७२ ते ७८ असेल तर लॉगर चांगला. ७० असेल तर प्रत्येक नोंदीत ५ मिळवायचे, हे लॉगरवर पट्टी चिकटवून लिहून ठेवा. माझ्यासारखा ९ चा फरक निघाला तर सेन्सर बदला. दरवर्षी मे महिन्यात हे पुन्हा करा.

बाकी सोपं आहे. नवा सेल घाला, लॉगर संगणकाला जोडा आणि संगणकाचं घड्याळ बरोबर आहे ना ते पाहून सुरू करा. नोंद दर १५ मिनिटांनी, म्हणजे दिवसाला ९६. १६,००० नोंदींची मेमरी १६६ दिवस पुरते, पावसाळा निघतो. मेमरी भरल्यावर जुन्या नोंदी पुसायचा पर्याय बंद ठेवा. लॉगर थप्पीच्या मध्ये, छातीच्या उंचीवर टांगा. बाहेरची भिंत, पत्रा आणि दिवा यांपासून लांब.

पंधरवड्याला नोंदी उतरवा. दार उघडल्याच्या वेळा वहीत टिपा आणि आलेखाशेजारी ठेवून बघा. पावसात माल उतरवताना दार अर्धा तास उघडं राहिलं की रेघ चढते आणि खाली यायला तिला किती तास लागतात, ते तिथेच दिसेल.