खेळण्यातल्या मोटरीचा जोर कसा वाढवावा

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने पट्ट्या-नटबोल्टच्या संचातून क्रेन जोडली. छोटी मोटर, दोन सेलची डबी, दहा दात्यांच्या पिनियनवर (मोटरीच्या दांड्यावरच्या लहान दातेरी चाकावर) पन्नास दात्यांचं चाक आणि चाकाच्या दांड्यावर गुंडाळलेला दोरा. रिकामा हूक झपकन वर जायचा. मग सांगलीतलं कुठलंही पोर करेल तेच त्याने केलं. स्वयंपाकघरातून हळकुंडांची पाव किलोची पिशवी आणून हुकाला अडकवली. दोरा ताठ झाला, पिशवी टेबलावरून जेमतेम सुटली आणि क्रेन थांबली. मोटरीचा आवाज बंद, आणि अर्ध्या मिनिटात तिच्या पत्र्याला बोट लागेना. भाचा म्हणाला, "मामा, मोठी मोटर आणूया."

मोठी मोटर आणावी लागली नाही. त्याच मोटरीने तीच पिशवी तीन सेकंदांत दोन फूट उचलली. ते कसं, हे क्रमाने सांगतो, कारण क्रम चुकला की मोटर जळते. शाळेच्या एका विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मी स्वतः तशी एक जाळली आहे. जोर कमी पडतो म्हणून थेट सेल वाढवत गेलो आणि सकाळी मुलांच्या हातात धुराचा वास येणारी गाडी दिली. मुलांचे ते चेहरे अजून आठवतात.

आधी मोजा

जोर वाढला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. एक ठरलेलं वजन, एक ठरलेली उंची आणि मोबाईलमधलं स्टॉपवॉच घ्या. वजन किलोत, उंची मीटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार करून ९.८ ने गुणा आणि लागलेल्या सेकंदांनी भागा. उत्तर वॅटमध्ये येतं. पाव किलो, ०.६ मीटर आणि तीन सेकंद म्हणजे साधारण अर्धा वॅट. प्रत्येक बदलानंतर हा आकडा वहीत लिहा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

मग गिअर

ही मोटर मुळात वेगवान असते. तीन व्होल्टवर मोकळी फिरताना मिनिटाला दहा-बारा हजार फेरे सहज घेते, पण पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, अगदी थोडा देते. आपल्याला बहुतेक वेळा वेग नको असतो, पीळ हवा असतो. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायचं काम गिअरचं. दहावर पन्नास दाते म्हणजे वेग पाचपट कमी आणि पीळ जवळपास पाचपट जास्त, घर्षणात जातो तेवढा वजा. आम्ही तशीच दुसरी जोडी पुढे लावली. पाच गुणिले पाच, पंचवीस. पिशवी चार सेकंदांत वर गेली.

गिअर किती लावायचा, याची एक खूण आहे. अशी मोटर सर्वांत जास्त काम करते ती मोकळ्या वेगाच्या निम्म्या वेगावर. निम्मा वेग कानाने ओळखता येतो, कारण फेरे निम्मे झाले की आवाज बरोबर एक सप्तक खाली येतो. मिरजेत तंबोरे जुळवताना ज्यांनी ऐकले आहेत त्यांना हे लगेच पटेल. मोकळ्या मोटरीचा सूर मनात धरा आणि मग भार लावा. तोच सूर खालच्या सप्तकात उतरला तर गिअर काठावर आहे. त्याहून खाली गेला तर दात्यांची आणखी एक जोडी हवी. सतत चालवायचं खेळणं असेल तर सूर एवढाही उतरू देऊ नका, दोन-तीन स्वर उतरला तरी पुरे. त्यात मोटर थंड राहते.

दांडा भोकात घासतोय का, दाते एकमेकांत फार घट्ट बसलेत का, हेही बघा. चाक बोटाने फिरवलं की सहज फिरलं पाहिजे. दांड्याच्या टेकूवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

सेल आणि वायर

भार असताना मल्टिमीटर (व्होल्ट आणि रोध मोजायचं यंत्र) सेलच्या डबीला लावा. आमच्याकडे तिथे ३ च्या जागी २.१ व्होल्ट दिसले. घड्याळात घालतो ते स्वस्त झिंक-कार्बन सेल जास्त करंट मागितला की असेच बसतात. अल्कलाईन सेल घातले आणि चाराचे तीन सेकंद झाले. चार्ज होणारे निकेल-मेटल-हायड्राईड सेल १.२ व्होल्टचे असतात, पण भाराखाली ते टिकून राहतात. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मात्र घेऊ नका. तिचा अंतर्गत रोध इतका असतो की मोटरीला लागणारा करंट ती देऊच शकत नाही. मुलं तिला "पॉवरफुल" समजतात आणि दहा मिनिटांत संपवतात.

डबीच्या गंजलेल्या स्प्रिंगा पॉलिश पेपरने घासा. केसासारख्या वायरी काढून जाड लावा, पिळून जोडलेल्या ठिकाणी सोल्डर करा.

दोनाचे तीन सेल केले तर व्होल्टेज दीडपट होतं, पण अडकलेल्या मोटरीतली उष्णता सव्वादोनपट होते. म्हणून तिसरा सेल घालायचा तो गिअर जमल्यावरच. जुन्या मोबाईलची लिथियम बॅटरी काढून लावण्याचा मोह मुलांना होतो. त्याला ठाम नाही म्हणा, ती शॉर्ट झाली तर पेट घेते. आणि घरच्या २३० व्होल्टच्या प्लगजवळ यातलं काहीही न्यायचं नाही.

मोटर उघडणं

इथपर्यंत सगळं दहा वर्षांच्या मुलालाही जमतं. यापुढे मोठं माणूस शेजारी हवं. लेगोच्या बंद डब्यातल्या गिअरसकट मोटरी उघडू नका. मी सांगतोय ते सुट्या, चपट्या बाजूंच्या, '१३०' आकाराच्या मोटरीबद्दल.

मागच्या प्लास्टिकच्या टोपीला पत्र्याचे दोन कान वळवलेले असतात. बारीक स्क्रू ड्रायव्हरने ते उचला. ते दोन-तीनदाच वळतात, मग तुटतात. टोपीत दोन ब्रश (करंट आत नेणाऱ्या पट्ट्या), डबीत दोन कमानदार चुंबक आणि मधे आर्मेचर, म्हणजे फिरणारा भाग; त्याच्या तीन लोखंडी दांड्यांवर वायर गुंडाळलेली असते. ब्रश जिथे टेकतात त्या तीन पाकळ्यांच्या कम्युटेटरवरचा काळा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या इअरबडने पुसा. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे ते मिळतं. कम्युटेटरच्या पाकळ्यांमधल्या फटी कोरून स्वच्छ करा, पण तिथे तेल लावू नका. नवी मोटर असेल तर भार न लावता एकाच सेलवर पाच-दहा मिनिटं चालू द्या. ब्रश कम्युटेटरवर नीट बसतात आणि ठिणग्या कमी होतात.

मोटर भरणं

आपल्या भागात विहिरीवरची मोटर जळाली की ती 'भरायला', म्हणजे आतली वायर नव्याने गुंडाळायला टाकतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, त्या सांगली जिल्ह्यात रिवाइंडिंगचं दुकान शोधावं लागत नाही. अशाच दुकानातून उरलेली इनॅमल वायर (वर रोधक थर असलेली तांब्याची वायर) मी आणतो. खेळण्याला सहा-सात मीटर पुरते.

जपानच्या माबुची कंपनीच्या १३० मोटरीवर '१८१००' किंवा '२२७०' असा आकडा असतो. पहिले दोन अंक वायरची जाडी सांगतात, पुढचे वळसे. १८१०० म्हणजे ०.१८ मिलिमीटरचे १०० वळसे, २२७० म्हणजे ०.२२ मिलिमीटरचे ७०. तांबं जवळपास तेवढंच, पण दुसरीचा रोध निम्म्याहून कमी. म्हणून तेवढ्याच व्होल्टेजवर ती सुमारे १.४ पट वेगाने फिरते, अडकल्यावर दीडपट पीळ देते आणि दुपटीहून जास्त करंट खाते. वळसे कमी, वायर जाड: भरण्याचं सगळं गणित एवढंच. ३५ गेजची वायर ०.२१ मिलिमीटरची असते, ती याला चालते.

जुनी वायर काढताना एका दांड्यावरचे वळसे मोजा आणि कोणत्या दिशेने गुंडाळलेत ते लिहून ठेवा. नवी वायर कम्युटेटरच्या एका पाकळीपासून सुरू करा, दांड्यावर वळसे घ्या, पुढच्या पाकळीला आणा आणि न तोडता पुढच्या दांड्यावर जा. तिन्ही दांड्यांवर वळसे सारखे आणि दिशा एकच. ५० झाले की थांबून वहीत टिंब करा. मधेच कोणी चहाला हाक मारली तरी आकडा हरवत नाही. पाकळीपाशी वायरवरचं इनॅमल ब्लेडने खरवडून मगच सोल्डर करा. बहुतेकांची मोटर इथेच फसते. न खरवडलेल्या वायरवर सोल्डर बसल्यासारखं दिसतं, पण करंट जात नाही.

आता मल्टिमीटर. पाकळ्यांच्या तिन्ही जोड्यांत रोध सारखा यायला हवा आणि कुठल्याही पाकळीपासून दांड्याच्या लोखंडाला करंट पोचता कामा नये. पोचला तर कुठेतरी वायर सोलली आहे, पुन्हा भरा. वेगात वळसे उसवू नयेत म्हणून अराल्डाइटचा पातळ हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. टोपी बसवताना ब्रश टाचणीने फाकवून धरा, नाहीतर वाकतात.

चुंबक बदलून निओडिमियमचे घालावेत असं बरेच जण सुचवतात. त्याने त्याच करंटमध्ये पीळ वाढतो हे खरं, पण मोकळा वेग कमी होतो, आणि साधे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे शक्ती गमावू लागतात. शिवाय असे दोन छोटे चुंबक लहान मुलाने गिळले तर आतड्याला भोक पाडतात. घरात चार वर्षांचं मूल असेल तर मी ते आणणार नाही.

भरलेल्या मोटरीच्या दोन टोकांमध्ये '१०४' लिहिलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर जोडा, म्हणजे शेजारच्या रेडिओत खरखर येणार नाही. पहिल्यांदा चालवताना दर अर्ध्या मिनिटाला थांबा आणि पत्र्याला बोट लावा. बोट पाच सेकंद टिकलं तर पुढे चालवा. नाही टिकलं तर सेल काढा आणि गिअरची आणखी एक जोडी लावा.