स्पॅनिशनंतर पुढची भाषा निवडताना या चुका टाळा

स्पॅनिशची बी-१ परीक्षा (ए-१ ते सी-२ या सहा युरोपीय पातळ्यांतली तिसरी) झाली की महिन्याभरात विद्यार्थी विचारायला येतात, "आता पुढची कोणती घेऊ? सगळ्यात सोपी कोणती?" मी स्पॅनिश शिकवते आणि स्पॅनिशनंतर पोर्तुगीज शिकले आहे. माझ्या मते पहिली चूक या प्रश्नातच होते. सोपी कोणती हे विचारण्याआधी, ती भाषा घेऊन करायचं काय हे ठरवायला हवं. तेच ठरलं नसलं तर सोपी भाषासुद्धा सहा महिन्यांत सुटते.

जवळची म्हणजे सोपी, असं धरून चालणं

स्पॅनिशशी शब्दांचं साम्य मोजलेले आकडे सगळीकडे फिरत असतात: पोर्तुगीज सुमारे ८९ टक्के, कॅटलान (बार्सिलोनाकडची भाषा) ८५, इटालियन ८२, फ्रेंच ७५, रोमानियन ७१. आकडे ठीक आहेत, पण ते कागदावरच्या शब्दांचे आहेत. कानाला काय ऐकू येईल ते त्यातून कळत नाही. स्पॅनिशमध्ये स्वर फक्त पाच, आणि पाचही स्वच्छ. पोर्तुगीजमध्ये स्वर जास्त, त्यात नाकातले वेगळे, आणि पोर्तुगालमधले लोक आघात नसलेले स्वर जवळजवळ गिळतात. 'टेलेफोन' तिथे 'त्लफॉन' असा ऐकू येतो. लिस्बनमध्ये पहिल्याच दिवशी मी वर्तमानपत्र वाचलं आणि तिकीट-खिडकीपलीकडच्या बाईंचं एक वाक्य मला कळलं नाही. त्यांना मात्र माझं मोडकं बोलणं बऱ्यापैकी कळत होतं. हे एकतर्फी समजणं या जोडीत नेहमीचं आहे.

ब्राझीलचे लोक स्वर मोकळे उच्चारतात, पण तिथल्या बहुतेक भागांत 'दिया' म्हणजे दिवस हा 'जीआ' होतो. म्हणून पोर्तुगीज घेणार असाल तर कुठली, हे पहिल्या तासाआधी ठरवा. दोन्हीकडच्या परीक्षाही वेगळ्या आहेत.

जवळीक आणखी एका तऱ्हेने फसवते. लिस्बनला एका घरी जेवायला बोलावलं होतं. जेवण फार सुंदर होतं, आणि मी मनापासून 'इश्किझितू' म्हणाले. स्पॅनिशमध्ये 'एक्सकिसितो' म्हणजे अतिशय रुचकर. पोर्तुगीजमध्ये त्याच शब्दाचा अर्थ विचित्र. त्या माउलीचा उतरलेला चेहरा अजून आठवतो. असे शब्द ढीगभर आहेत. स्पॅनिश 'पोल्वो' म्हणजे धूळ, तर पोर्तुगीजमध्ये ऑक्टोपस. स्पॅनिश 'बुर्रो' गाढव, इटालियन 'बुर्रो' लोणी. स्पॅनिश 'सालिर' बाहेर पडणं, इटालियन 'सालिरे' वर चढणं. स्पॅनिश 'नोम्ब्रे' नाव, तर तसंच दिसणारं फ्रेंच 'नोंब्र' संख्या. फ्रेंचसारख्या लांबच्या भाषेत माणूस सावध असतो. जवळच्या भाषेत तो बेसावध राहतो, म्हणून तिथे जास्त घसरतो.

स्पॅनिश कच्चं असताना दुसरी सुरू करणं

ए-२ झालं की लगेच इटालियन लावणारे पुष्कळ आहेत. चार महिन्यांनी तक्रार येते की तोंड उघडलं की दोन्हींची खिचडी बाहेर पडते. स्पॅनिश बी-२ च्या आसपास येईपर्यंत, म्हणजे भूतकाळाची रूपं विचार न करता येऊ लागेपर्यंत, पोर्तुगीज किंवा इटालियन सुरू करू नका असं मी स्पष्ट सांगते. फ्रेंचचं थोडं वेगळं. तिचा उच्चार इतका निराळा आहे की ती जरा लवकर घेतली तरी चालते.

आधीच सुरू केली असेल आणि सरमिसळ होत असेल तर घाबरू नका. पहिले काही महिने असं होतंच. झालेली चूक तुमची तुम्हाला लगेच जाणवत असेल तर गाडी रुळावर आहे. जाणवत नसेल तर नवं व्याकरण महिनाभर थांबवा आणि फक्त ऐका, मोठ्याने वाचा. नव्या भाषेचा सूर जिभेवर बसला की शब्द आपोआप आपापल्या घरी जातात. आठवड्यातला एक वार स्पॅनिशसाठी राखून ठेवा, नाहीतर तेच आधी गंजतं.

वहीत नाम लिहिताना लिंग दाखवणारं उपपद सोबत लिहा. दूध आणि मीठ स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी, पण पोर्तुगीज, इटालियन आणि फ्रेंच या तिन्हींत पुल्लिंगी. प्रवास स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी, पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी. काळांचंही तसंच. स्पॅनिश 'ए कोमिदो' म्हणजे 'मी खाल्लं आहे'. त्याच साच्यात पोर्तुगीज 'तेन्यू कोमीदू' म्हणालात, तर 'मी हल्ली खात आलोय' असा अर्थ होतो. तिथे साधं 'कोमी' पुरतं.

शब्द एकेक पाठ करणं

याचं मला फार वाईट वाटतं, कारण किल्ली हातात असूनही विद्यार्थी कुलूप फोडत बसतात. किल्लीचंच उदाहरण घ्या. लॅटिन 'क्लाविस'पासून स्पॅनिशमध्ये 'याबे' झालं, इटालियनमध्ये 'क्यावे', फ्रेंचमध्ये 'क्ले', पोर्तुगीजमध्ये 'शाव्ही'. पाऊस पाहा: स्पॅनिश 'युबिया', पोर्तुगीज 'शुव्हा'. रडणं: 'योरार' आणि 'शोरार'. पोहोचणं: 'येगार' आणि 'शेगार'. स्पॅनिश शब्दाच्या सुरुवातीच्या अशा 'य'च्या जागी पोर्तुगीजमध्ये 'श' येतो, हा एक नियम कळला की शब्दांचा घोसच हाती येतो.

यातला एक शब्द तुमच्या खिशात आहे. 'चावी' आपण पोर्तुगीजांकडून घेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोक 'शाव्ही'चा पहिला वर्ण 'च' असाच उच्चारत. पुढे त्यांच्या प्रमाण भाषेत त्याचा 'श' झाला, आणि आपल्याकडे जुना उच्चार टिकला.

दुसरा नियम शब्दाच्या शेवटचा. स्पॅनिश 'पान', म्हणजे ब्रेड, पोर्तुगीजमध्ये 'पांव' होतं, आणि तोच आपला पाव. 'लेइलांव'चा लिलाव झाला तोही तसाच. स्पॅनिश 'मानो', म्हणजे हात, तिकडे 'मांव'. स्पॅनिश 'रासोन', म्हणजे कारण, तिकडे 'रझांव'. दोन स्वरांच्या मधले न आणि ल पोर्तुगीज बहुधा गाळते: 'लुना'ची 'लुआ', 'सालिर'चं 'साइर'. आणि स्पॅनिशमध्ये लिहायला उरलेला पण न बोलला जाणारा 'ह' बाकीच्या भाषांत बहुधा 'फ' असतो: 'आसेर' म्हणजे करणं, पोर्तुगीजमध्ये 'फाझेर', इटालियनमध्ये 'फारे', फ्रेंचमध्ये 'फेर'. असे दहा-बारा नियम भिंतीवर लावा. शब्दांच्या याद्यांपेक्षा त्यांचा उपयोग कितीतरी जास्त आहे.

मराठी घरी ठेवून वर्गात जाणं

नवी भाषा फक्त स्पॅनिशच्या चष्म्यातून पाहिली जाते, आणि मराठीने आधीच शिकवलेलं वाया जातं. 'मी घर पाहिलं' पण 'मी रामाला पाहिलं' हा फरक आपल्याला उपजत कळतो. स्पॅनिशमध्ये माणसाआधी येणारा 'आ' हेच काम करतो. रोमानियनमध्ये त्यासाठी 'पे' आहे. प्रमाण पोर्तुगीज, इटालियन आणि फ्रेंचमध्ये तिथे काहीच लागत नाही. स्पॅनिशच्या सवयीने तो 'आ' घुसवला की वाक्य चुकतं.

इटालियनमध्ये मी गेलो 'सोनो आंदातो' आणि मी गेले 'सोनो आंदाता'. सफरचंद हा शब्द तिथे स्त्रीलिंगी, म्हणून 'ते मी खाल्लं' म्हणताना क्रियापदाचं रूपही 'मांजाता' असं स्त्रीलिंगी होतं. स्पॅनिशमधून येणाऱ्याला हे अवघड जातं, कारण तिथे ते रूप बदलतच नाही. 'भात खाल्ला, पोळी खाल्ली' म्हणणाऱ्याला ते ओळखीचं वाटायला हवं. फ्रेंचचं 'व्हू' तर आपलं 'तुम्ही'च: एका माणसाला आदराने अनेकवचन.

परीक्षा न पाहता वर्ग लावणं

कॅनडासाठी फ्रेंच घेणारे सध्या पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यासाठी फ्रेंचचं पारडं खरोखर जड आहे. पण त्यांतले काही जण डेल्फ ही फ्रेंचची सर्वसाधारण परीक्षा देऊन बसतात. ते प्रमाणपत्र उत्तम आणि आयुष्यभराचं, तरी एक्स्प्रेस एंट्रीसाठी, म्हणजे कॅनडात स्थायिक होण्याच्या अर्जासाठी, टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा या परीक्षांचाच निकाल लागतो, आणि तो दोन वर्षंच चालतो. माझ्या ओळखीच्या एका मुलाचे यात पैसे आणि जवळजवळ वर्ष गेलं.

बार्सिलोनाला शिकायला जात असाल तर इटालियन बाजूला ठेवा आणि आधी थोडी कॅटलान शिका. प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रम कुठल्या भाषेत चालतो तेही विचारा. रोमानियन मात्र रोमानियात काम किंवा माणसं असतील तरच घ्या.

आणि इतिहासाची आवड असेल तर पोर्तुगीजकडे वळा. गोव्याच्या पुराभिलेखागारात मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांचे कागद आहेत. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिथेच काम करून तो इतिहास उजेडात आणला. हे वाचायला लिस्बनचे गिळलेले स्वर कळण्याची गरज नाही. स्पॅनिश पक्कं असेल आणि वरचे नियम अंगवळणी पडले असतील, तर छापील पोर्तुगीज काही महिन्यांत वाचता येतं. जुनं हस्ताक्षर लावायला निराळी मेहनत लागते. त्यासाठी ज्याचा मजकूर छापूनही आला आहे असा एखादा कागद आधी घ्या, आणि दोन्ही शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहा.