बुटक्या समुद्रघोड्यांसाठी आधी पाणी पिकवा

घरच्या टाकीत पाळायचा हा बुटका समुद्रघोडा जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, मूळचा मेक्सिकोच्या आखाताकडचा. आपल्या किनाऱ्यावरचे समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत, त्यांना हात लावू नका. परदेशी जातीचेही कागद पाहूनच घ्या.

माझ्या परळच्या खोलीत २० लिटरची टाकी आहे. मोठ्या टाकीत त्यांच्यापुढचं खाद्य विखुरतं. गिरगाव चौपाटीचं पाणी कृपा करून आणू नका. आरओच्या पाण्यात ॲक्वेरियमचं समुद्री मीठ विरघळवा, विशिष्ट घनता १.०२३ च्या आसपास. हवेच्या पंपावरचा स्पंज फिल्टर लावा. आता टाकीत एकही जीव न सोडता पाण्यात अमोनिया घालून तो २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन भाग) न्या आणि थांबा. आधी नायट्राइट चढतं, मग नायट्रेट. घातलेला अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही चोवीस तासांत शून्यावर आले की टाकी पिकली, म्हणजे हे विष पचवणारे जिवाणू तिच्यात पुरेसे वाढले. बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. घाईत जीव जातात.

पाणी २५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका. मुंबईच्या दमट मे महिन्यात नुसत्या पंख्यानं भागत नाही, पाणी थंड करणारा चिलरच घ्या. उडालेल्या पाण्याची भर बिनमिठाच्या आरओ पाण्यानं घाला, कारण मीठ मागेच राहतं.

जिवंत खडक, म्हणजे समुद्रातले जीव चिकटलेले दगड, टाळा. त्यावरून येणारे हायड्रॉइड, म्हणजे जेलीफिशच्या जातकुळीतले बारीक जीव, डंख करून समुद्रघोड्यांना मारतात. खायला रोज किमान दोनदा, अंड्यातून नुकती फुटलेली आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची) पिल्लं.